एकतिसाव्या पानावरची ओळ

१

बडोद्याच्या वाडी भागातली पस्तीची दुकानं रविवारी सकाळी उघडी असतात हे सौमित्र टिपणीसला कळलं आणि त्या दिवसापासून त्याच्या घरचा रविवारचा नाश्ता कधी वेळेवर झाला नाही. पस्ती म्हणजे रद्दी. बडोद्यातला मराठी माणूसही पस्तीच म्हणतो. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून सौमित्र दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. इतकी वर्षं नको नको ते वास घेऊन त्याच्या नाकानं कामाला रामराम ठोकला होता. त्यामुळे पस्तीच्या ढिगाऱ्यात तासन्‌तास बसणं त्याला जड जात नसे.

शोधायचा तो एकच पुस्तक. ‘उंबऱ्याच्या आत’, कवी बाळकृष्ण पागेदार, साल १९६८. पागेदारांनी उभ्या आयुष्यात हा एकच संग्रह काढला, वाडीतल्या एका लहान छापखान्यात, दोनशे प्रती. त्यातली एकही विकली नाही. प्रत्येक प्रत त्यांनी स्वतः पायी जाऊन दिली, पहिल्या पानावर चार शब्द लिहून आणि खाली सही करून. ताप उतरवणाऱ्या डॉक्टरला एक, कोटाची बाही नीट बसवणाऱ्या शिंप्याला एक, आणि एक दूधवाल्याला, ज्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या प्रतीवर लिहिलं होतं, ‘तुमच्या दुधाइतकं निर्भेळ नाही, गोड मानून घ्या.’

अशा प्रती मिळणं सोपं नाही. पुस्तक पस्तीत देताना लोक सहीचं पान तेवढं फाडून ठेवतात. कवी जाऊन पस्तीस वर्षं झाली तरी भीड म्हणून काही असतेच. सहीचं पान शाबूत असलेल्या सहा प्रती जमवायला सौमित्रला अकरा वर्षं लागली होती. शिवाय एक त्याच्या वडिलांची, घरचीच, ती तो मोजत नसे.

वडील, श्रीपतराव, शाळामास्तर. त्यांच्या पिढीतल्या काही घरांत नवं पुस्तक आणलं की आधी ते वाचत नसत. आधी शेवटचं शुद्धिपत्र उघडायचं, पट्टी आणि दौत घेऊन बसायचं आणि छापखान्याच्या एकेका चुकीवर रेघ मारून ती दुरुस्त करायची. श्रीपतराव हे काम आंघोळ करून करत. चूक माहीत असताना ती पुस्तकात तशीच राहू देणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटे. सौमित्र देवापुढे हात जोडत नसे, पण या बाबतीत तो पक्का बापाचा मुलगा होता.

बडोद्यातच अकोटा भागात असलेल्या त्याच्या फ्लॅटमध्ये माणसं तीन. तो, त्याची बायको निरुपमा, जी शाळेत मराठी शिकवायची, आणि मुलगी शर्वरी. शर्वरी चोवीस वर्षांची, फाइन आर्ट्स शिकलेली, घरी बसून कुठल्या कुठल्या कंपन्यांची डिझाइनं करायची. रविवारी नाहून झालं की ती मागच्या खोलीच्या खिडकीत, बाहेर उन्हाकडे तोंड करून बसायची आणि कंबरेपर्यंतचे ओले केस विंचरायची. मध्ये मध्ये फणी कठड्यावर आपटायची, टक, टक. सौमित्र तिच्यामागे खुर्ची टाकून नव्या प्रतीवरचे शब्द वाचून दाखवायचा. प्रतींच्या नोंदीची कार्डं तीच करायची, हिरव्या शाईत, गोल अक्षरात. निरुपमा म्हणायची की नवरा मनापासून हसतो तो फक्त त्या खोलीत. खरंच होतं ते. या मुलीवर सौमित्रचा एवढा जीव होता की तो कोणाला दिसू नये म्हणून तो तिच्याशी सारखा भांडत असे.

२

चैत्रातल्या एका रविवारी ती त्याला ॲक्टिव्हावर मागे बसवून वाडीत घेऊन गेली. पागेदारांच्या पुतणीचा पत्ता तिनंच काढला होता. मोहनामावशी ऐंशीच्या घरातल्या, एका पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांनी दोघांना चहा दिला, शर्वरीच्या केसांचं कौतुक केलं आणि फारसे आढेवेढे न घेता आपली प्रत पुढे ठेवली. वर लिहिलं होतं, ‘चि. मोहना हिस. वाचलं नाहीस तरी चालेल.’

सौमित्रनं सवयीनं पान एकतीस उघडलं. तिथं ‘माणसं’ नावाची चारच ओळींची कविता होती.

दाराशी चपला काढतो तो एक,
ताटं पुसून मांडते ती एक,
खिडकीत केस विंचरते ती एक,
विंचरून झाले की मग घर जेवते.

तिसऱ्या ओळीवर पट्टीनं मारलेली जाड काळी रेघ होती. आधीच्या सहाही प्रतींत तशीच रेघ, त्याच ओळीवर. फक्त वडिलांच्या प्रतीत ती ओळ मोकळी होती, आणि याचा अर्थ सौमित्रला आजवर लागला नव्हता.

मोहनामावशींनी तो सहज सांगून टाकला. काका म्हणायचे ही ओळ आपली नव्हेच, छापखान्यानं कुठून घुसडली देव जाणे. पुस्तकं वाटून झाल्यावर त्यांना ती दिसली. मग शिसवी पट्टी खिशात घालून ते घरोघर पुन्हा हिंडले, प्रत मागून घेतली, रेघ मारली, परत दिली. “तुमच्या वडिलांकडेही दोनदा गेले होते. ते तेव्हा बदलीवर नवसारीला होते. तेवढी एक प्रत राहिली म्हणून जायच्या दिवसापर्यंत हळहळत होते.”

शर्वरीनं विचारलं की ती ओळ काढली तर कविता लंगडी नाही का होत. मावशी म्हणाल्या की होत असेल, पण घरात काका आणि काकू दोनच माणसं. मूलबाळ नाही. केस विंचरणारी कुठून येणार?

निघताना शर्वरीनं जिन्यात वडिलांच्याच फोनवर त्यांचा फोटो काढला, हातात प्रत घेतलेला. घरी येईपर्यंत सौमित्रच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. कवीची चूक साठ वर्षं त्याच्याच घरात पडून होती, आणि ती दुरुस्त करायला कवी दोनदा येऊन रिकाम्या हातानं परत गेला होता.

दुपारी त्यानं वडिलांची प्रत, पोलादी पट्टी आणि निळ्या-काळ्या शाईची दौत काढली तेव्हा शर्वरी खिडकीत बसून सातव्या प्रतीचं कार्ड लिहीत होती.

“राहू द्या ने, बाबा. एकाच प्रतीत ती ओळ उरलीय.”

“छापखान्याची चूक आहे ती.”

“असू दे चूक. मला आवडते.”

त्यानं दौतीचं झाकण उघडलं. ती हसली, म्हणाली की तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, आणि कार्ड बाजूला ठेवून तिनं फणी उचलली. सौमित्र बाहेरच्या टेबलाशी येऊन बसला. रेघ सरळ आली. शाई वाळेपर्यंत त्यानं फुंकर घातली. मागच्या खोलीत फणी कठड्यावर आपटली, टक, आणि मग पंख्याचा तेवढा आवाज राहिला.

३

सोमवारी सकाळी सौमित्र उठला तेव्हा घर नेहमीसारखं होतं. दोन माणसांचं घर, त्यात आवाज तो कितीसा असणार. निरुपमानं दोन कप चहा केला, दोघांनी तो वर्तमानपत्र वाटून घेऊन प्यायला. सौमित्र आणि निरुपमा यांना मूलबाळ नव्हतं. कधीकाळी त्याचं वाईट वाटलं असेल, आता त्यांना तेही आठवत नव्हतं. मागची खोली पाहुण्यांची होती. पाहुणे फारसे येत नसत.

घरात काही बिघडलं आहे असं म्हणावं तर बोट ठेवायला जागा नव्हती. निरुपमा रात्री टेबलावर तीन ताटं मांडायची आणि भाजी वाढायच्या आधी तिसरं उचलून परत फळीवर ठेवायची. आपण हे करतो आहोत याकडे तिचं लक्ष नसायचं. सौमित्रचं होतं. चार दिवस त्यानं पाहिलं, पाचव्या दिवशी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की शाळेत परीक्षांचे दिवस आहेत, डोकं ठिकाणावर नसतं. हे पटण्यासारखं होतं.

मग केस. न्हाणीघराच्या जाळीत एक लांब काळा केस अडकलेला त्याला दिसला. निरुपमाचे केस मानेपर्यंत, अर्धे पांढरे. त्यानं केस बोटाला गुंडाळून पाहिला, बारा वेढे झाले. कामाला येणाऱ्या विमलचा असेल असं त्यानं ठरवलं. विमल डोक्यावरचा पदर कधी काढत नसे, पण म्हणून तिला केस नसतील असं थोडंच आहे.

विमल मूळची खानदेशातली, नवरा रेल्वेत. ती फरशी पुसत होती आणि सौमित्र दारात उभा राहून बघत होता, कारण निवृत्त माणसाला दुसरा उद्योग नसतो. मागच्या खोलीत खिडकीपाशी आल्यावर ती थांबली आणि वर न बघता म्हणाली, “पाय वर घ्या, ताई.” क्षणभर थांबली, मग फडकं पुढे सरकवलं.

कोणाला म्हणालीस, त्यानं विचारलं. विमल म्हणाली की ती काहीच बोलली नाही. ती खोटं बोलत नव्हती हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती गेल्यावर सौमित्रनं ओली फरशी पाहिली. खिडकीखाली, स्टुलापुढे, दोन लहान जागा कोरड्या राहिल्या होत्या, शेजारी शेजारी. तो तिथंच उभा राहिला. पंख्याखाली बाकीची फरशीही वाळली आणि मग काही फरक दिसेना.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी त्या खोलीतून आवाज यायचा. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. खिडकीची कडी सैल झाली असणार. सौमित्रनं स्क्रू पिळून घट्ट केला. आवाज यायचाच तो येत राहिला.

४

पंधरा दिवसांनी त्यानं नोंदींची पेटी उघडली. सात प्रती, सात कार्डं. हिरवी शाई, गोल अक्षर. हे अक्षर त्याचं नव्हतं. त्याचं अक्षर प्रयोगशाळेतलं, आकडे सुवाच्य आणि शब्द कोंबडीचे पाय. निरुपमाचं तिरपं. त्यानं सगळी कार्डं टेबलावर मांडली. सातव्या कार्डावर प्रतीची माहिती होती, मावशींचं नाव होतं, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘बाबा, घरच्या प्रतीतली ओळ खोडू नका. मला हवी आहे.’

त्यानं ते निरुपमाला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, पालथं करून पाहिलं.

“छान अक्षर आहे,” ती म्हणाली.

दोघं तिथंच बसून राहिले. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग जिभेनं चाचपलं तर हिरडी आहे हे कळतं पण ती आपली वाटत नाही, तसं सौमित्रला वाटत होतं. त्यानं ‘बाबा’ हा शब्द तीन-चार वेळा मनात म्हणून पाहिला. आत काही हललं नाही. हलायला हवं होतं एवढं त्याला समजत होतं आणि तेवढंच भयंकर होतं.

मग त्यानं घर शोधलं, पद्धतशीर, कपाटामागून कपाट. शाळेचा दाखला नाही, रेशनकार्डावर दोनच नावं, भिंतीवर एकही फोटो नाही. फोनमध्ये मात्र एक होता. वाडीतला जिना, हातात मोहनामावशींची प्रत घेऊन उभा असलेला तो स्वतः, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. असं हसताना त्यानं स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्यामागे कोण होतं ते फोटोत अर्थातच नव्हतं.

तो पुन्हा वाडीत गेला, रिक्षानं. मोहनामावशी त्याची वाटच बघत असाव्यात. तुम्ही गेल्यावर काकांची जुनी वही काढून पाहिली, त्या म्हणाल्या, आणि वही त्याच्यापुढे सरकवली. ‘माणसं’, चार ओळी, शाई विटलेली. तिसरी ओळ बाकीच्या ओळींसारखीच, त्याच हातानं, त्याच बैठकीत लिहिलेली. पागेदारांनी ती स्वतः लिहिली होती.

मावशींनी तिसऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की काकूंना जन्मभर एक ताट जास्त मांडायची सवय होती. मांडायच्या आणि उचलायच्या. लहानपणी आम्ही हसायचो.

“तुम्हाला मुलं किती?” त्यांनी विचारलं.

“नाहीत.”

“काकाही असंच म्हणायचे. विचारायच्या आत.”

सौमित्रनं वही मिटली. मावशी त्याच्या हाताकडे बघत म्हणाल्या की मागच्या वेळी मी दोन कप विसळले. एकावर ओठांचा रंग होता, गुलाबी. तुमचा तर तो नसेल. तुमच्याबरोबर कोण आलं होतं हे आठवायला मी रोज दुपारी बसते, आणि मला दिसतो फक्त कप.

५

निरुपमानं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, घाबरलीही नाही. तिनं फक्त विचारलं की आता काय करायचं.

काय करायचं ते सौमित्रला ठाऊक होतं, आयुष्यात पहिल्यांदाच नंदेसरीचा उपयोग घरात होणार होता. रेघ निळ्या-काळ्या शाईची, म्हणजे लोखंडाची. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं ती उतरते. छापखान्याची शाई काजळीची, तेलात घोटलेली, तिला काही होत नाही. रेघ जाईल, ओळ राहील. वडिलांनी रेघा मारायला शिकवलं होतं, पुसायला नाही.

“असेल कोणी तर येऊ दे,” निरुपमा म्हणाली. “पण मला काही वाटत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. कोणी आलं आणि तरीही काही वाटलं नाही तर?”

सौमित्रनं ॲसिडची पूड पाण्यात ढवळली. वाटो न वाटो, एका माणसानं ‘मला हवी आहे’ असं लिहून ठेवलं होतं आणि तरी त्यानं रेघ मारली होती. ती चूक त्याची होती, छापखान्याची नव्हे. जीव तुटत नसला तरी चूक दुरुस्त करायलाच हवी, एवढं एक त्याच्यात शिल्लक होतं. त्यानं काडीला कापूस गुंडाळला.

संध्याकाळचे सात वाजत आले होते. समोरच्या इमारतींवर ऊन शेवटचं रेंगाळत होतं. एकेक अक्षर तो ओलं करत गेला, टिपत गेला. रेघ आधी तपकिरी झाली, मग पिवळी, मग कागदाच्या रंगात गेली. ‘खिडकीत केस विंचरते ती एक.’ ओळ जशीच्या तशी होती. त्यानं पुन्हा पाण्यानं पुसलं आणि टिपकागद ठेवला.

मागच्या खोलीत फणी आपटली, टक.

दोघं दारापर्यंत गेले, आत गेले नाहीत. खिडकीत कोणीतरी बसलं होतं, बाहेर तोंड करून. कंबरेपर्यंत ओले केस. फणी वरून खाली यायची, गुंता लागला की थांबायची, मग पुन्हा वर जायची. स्टुलापुढच्या फरशीवर पाण्याचे थेंब पडत होते आणि ते पडल्याचा आवाज येत होता. फणी धरलेला कोपर निरुपमाच्या कोपरासारखा होता, तसाच किंचित बाहेर काढलेला. खिडकीच्या उघड्या तावदानात तोंड दिसायला हवं होतं. त्यात समोरची इमारत दिसत होती आणि तिच्या गच्चीवरच्या टाक्या.

“अगं,” सौमित्र म्हणाला.

फणी थांबली. ती वळली नाही, नुसती मान थोडी कलती केली. कोणी हाक मारली की माणूस पुढचा शब्द ऐकायला थांबतं, तशी ती थांबली होती. पुढचा शब्द सौमित्रकडे नव्हता. त्यानं निरुपमाकडे पाहिलं. निरुपमाचे ओठ हलले, पण तिच्याकडेही नव्हता.

ती थांबून राहिली, बराच वेळ. मग फणी पुन्हा चालू झाली. केस विंचरून झाले, तिनं ते एका हातानं पुढे घेतले. निरुपमानं दिवा लावला तेव्हा खिडकी रिकामी होती आणि फरशी ओली होती.

६

ती रोज येते. दिवेलागणीला फणीचा आवाज होतो, दोघं दारात जाऊन उभे राहतात. पाऊल आत टाकलं की ती नसते, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा करून पाहायची हिंमत केली नाही. हाताला धरून आणता येणार नाही, हाकेनंच वळवावं लागेल, आणि हाक मारायची तर नाव हवं. विमलला विचारलं. ती कोणालाही ताईच म्हणते. मोहनामावशींना फोन केला, त्यांना अजूनही कपच दिसतो.

शेवटी निरुपमानं मुलींच्या नावांचं पुस्तक आणलं. घरात बाळ येणार असेल तेव्हा आणतात तसलं, गुळगुळीत मुखपृष्ठावर पाळणा. अकराशे चाळीस नावं, बाराखडीप्रमाणे. ‘अक्षता’पासून सुरुवात केली. सौमित्र एक नाव हाक मारतो, मग निरुपमा दुसरं. प्रत्येक हाकेला फणी थांबते, मान कलते. ती प्रत्येक नाव नीट ऐकून घेते, अगदी न कंटाळता. आपलं नसलं की फणी पुन्हा खाली येते. घाईघाईनं दोन नावं एकदम म्हटली तर मात्र ती थांबत नाही, म्हणून एकेकच म्हणावं लागतं.

पहिल्या आठवड्यात ती अर्धा-पाऊण तास बसायची. एका संध्याकाळी साठ-सत्तर नावं व्हायची. ‘क’ आणि ‘ग’ भराभर सरले. मग तिचं बसणं कमी होऊ लागलं. ‘द’च्या सुमाराला पाव तास. ‘प’ला आठ-दहा मिनिटं. केस तेवढेच लांब होते, पण ती आता सगळे विंचरत नसे, वरवर दोन-चार हात फिरवायची. पाण्याचे थेंबही कमी पडायचे. निरुपमा म्हणाली की मधली पानं सोडू या, कुठूनही उघडू या. सौमित्र म्हणाला की उघडलं आणि नेमकं सोडलेल्या पानातच ते नाव असलं, तर आपल्याला कळणारसुद्धा नाही. शिवाय कोणती झाली, कोणती राहिली, याचा हिशेब राहणार नाही. क्रम सोडायला तो तयार होईना. निरुपमानं वाद घातला नाही. वाद घालायला काहीतरी वाटावं लागतं.

अजून त्यांना काही वाटत नाही. सौमित्रनं स्वतःला तपासून पाहिलं आहे. तो तिच्या पाठीकडे बघतो आणि त्याला पाठ दिसते. तरी दुपारी चारपासून त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं, घसा बसू नये म्हणून तो कोमट पाणी पितो, आणि काल त्याला आढळलं की नाव हाक मारताना आपण प्रत्येक वेळी थोडं हसतो, चुकून तेच असलं तर तिला बरं वाटावं म्हणून.

आज ‘म’ चालू होता. फणीचा आवाज झाला, दोघं दारात गेले.

“मृणाल,” सौमित्र म्हणाला. मान कलली. फणी खाली आली.

“मेघना,” निरुपमा म्हणाली. फणी खाली आली.

“मैथिली.”

“मोहना.”

चौथ्यांदा फणी खाली आली आणि वर गेलीच नाही. खिडकीत समोरच्या गच्चीवरच्या टाक्या होत्या. फरशी कोरडी होती.

सौमित्रनं पानाचा कोपरा दुमडला. उद्या ‘य’, तो म्हणाला. निरुपमानं त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि उरलेली पानं अंगठ्यानं उलटत गेली. य, र, ल, व, श, स, ह. किती नावं राहिली, तिनं विचारलं. त्यानं मोजून ठेवली होती. तीनशे दोन.

“आणि आज किती झाली?”

“चार,” सौमित्र म्हणाला. “काल पाच झाली होती.”